परदेशात बिऱ्हाड करायचे तर पगार कागदावर दिसला पाहिजे

परदेशात नोकरी मिळणे आणि परदेशात बिऱ्हाड करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे फार उशिरा कळते. फलटण, लोणंद, कोरेगाव, विटा, मिरज या भागातून आखाती देशांत गेलेले तरुण पहिली दोन-तीन वर्षे कंपनीच्या कॅम्पात काढतात. पुढे निकाह होतो, मूल होते आणि बायको-मुलांना कधी नेणार, ही विचारणा घरातून सुरू होते. मुलगा सांगतो की दुबईची अट चार हजार दिरहमांची आहे आणि मला चार हजारांच्या वरच मिळतात. तो अर्ज करतो आणि अर्ज नामंजूर होऊन येतो. घरच्यांचा समज असा होतो की कंपनीने अडवले, किंवा मुलाच्याच मनात न्यायचे नाही. यावरून दोन घरांत बोलाचाली होते, क्वचित प्रकरण त्याहून पुढे जाते. पुष्कळदा हे दोन्ही समज चुकीचे असतात. पगार मिळत होता, पण तो कागदावर नव्हता.

कोणताही देश परक्या माणसाला जास्त दिवस ठेवून घेताना दोन गोष्टी विचारतो. तू येथे कशासाठी राहणार, आणि तुझ्या पोटापाण्याचा खर्च कोण करणार? पहिल्याचे उत्तर व्हिसाच्या प्रकारात असते आणि दुसऱ्याचे उत्तर उत्पन्नाच्या पुराव्यात. हा काही केवळ अरबांचा कायदा नव्हे. आपला देशही हेच विचारतो. नोकरीसाठी भारतात येणाऱ्या परदेशी माणसाला वर्षाला किमान २५,००० अमेरिकी डॉलर पगार असला पाहिजे, अशी अट २०१० मध्ये घातली गेली. पुढे ती रुपयांत, म्हणजे १६ लाख २५ हजार अशी ठरवण्यात आली. आपापल्या देशाचे खास पदार्थ करणारे आचारी, इंग्रजीखेरीज इतर परकीय भाषा शिकवणारे शिक्षक व दुभाषे अशा काहींना त्यातून सूट दिली. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला चौदा दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते, आणि आपल्यासारख्या जिल्ह्यांत ते काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असते.

दीर्घकाळ राहिलेली परदेशी व्यक्ती फलटणकरांना नवी नाही. डॉ. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन विदुषी १९६१ साली भारतात आल्या, फलटणच्या मराठी बोलीचा अभ्यास करण्यासाठी १९६६ मध्ये या गावात आल्या आणि येथेच रमल्या. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. पुढे त्यांनी उभारलेली प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा सर्वांना ठाऊक आहे. नागरिकत्व मिळाले की व्हिसा, मुदतवाढ, उत्पन्नाचा दाखला हे सारे एकदाच संपते. आपल्या भागातून आखातात गेलेल्यांना मात्र हा मार्ग जवळजवळ बंद आहे. तेथे वीस-पंचवीस वर्षे राहिलेला माणूसही परकाच राहतो, आणि त्याचे व त्याच्या कुटुंबाचे वास्तव्य प्रत्येक वेळी नोकरी आणि पगार दाखवूनच पुढे चालू होते. म्हणून तेथे पगाराच्या कागदाला फार महत्त्व आहे.

हातातला पगार आणि करारातला पगार

एक उदाहरण घेऊ. फलटणच्या आयटीआयमधून फिटरचा कोर्स केलेला मुलगा संयुक्त अरब अमिरातीत कामाला लागला. करारात मूळ पगार २,२०० दिरहम, भत्ते ६०० दिरहम. रोज दोन-तीन तास ओव्हरटाइम केला की महिन्याला आणखी १,३०० पडतात. हातात ४,१०० येतात आणि घरी फोनवर तोच आकडा सांगितला जातो. कुटुंबाच्या व्हिसासाठी तेथील अट ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि वर राहण्याची सोय, अशी आहे. मुलगा म्हणतो अट पूर्ण झाली. तेथील कचेरी करार उघडून पाहते आणि तीत तिला २,८०० दिसतात. ओव्हरटाइम म्हणजे आज आहे, उद्या नाही, असे तिचे म्हणणे. टिप, बक्षिशी, सुट्टीच्या दिवशी दुसरीकडे केलेले काम, यांचीही तीच गत.

हा घोळ मुळात मुंबईतच होतो. मुलाखतीच्या दिवशी एजंट एकूण आकडा सांगतो, मुलगा तो ऐकून खूश होतो आणि कागद न वाचता सही करतो. मूळ पगार किती, घरभाडे भत्ता किती, जेवण कंपनीचे की आपले, हे विचारायला तो लाजतो. जास्त विचारले तर नाव कापतील, ही भीती असते. वास्तविक विचारायची वेळ तीच असते. अमिरातीने १ जानेवारी २०१६ पासून असा नियम केला आहे की परदेशातून आणायच्या कामगाराला नोकरीचा देकार आधी दाखवून त्यावर त्याची सही घ्यायची, आणि तेथे पोचल्यावरचा करार त्या देकाराशी जुळला पाहिजे. म्हणून येथे सही केलेल्या कागदाची एक प्रत घरी राहिली पाहिजे. विमानातून उतरल्यावर कमी पगाराचा दुसरा कागद पुढे आला, तर तीच प्रत कामास येते.

कमी लिहिलेल्या मूळ पगाराचा फटका एकदाच बसत नाही. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे ३० दिवसांचा मूळ पगार, असा हिशेब असतो. २,२०० मूळ पगारावर दहा वर्षे राबलेल्याची आणि ३,००० मूळ पगारावर राबलेल्याची ग्रॅच्युइटी ताडून पाहावी, म्हणजे भत्त्यांच्या गोड आकड्यात काय लपले होते ते कळेल.

काहीजण सुचवतात की कंपनीकडून वाढीव पगाराचे पत्र घ्यावे आणि काम काढून घ्यावे. हा मार्ग धरू नये. अमिरातीत २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत आहे, कतारनेही २०१५ मध्ये ती सुरू केली. कोणत्या कामगाराच्या नावे किती रक्कम जमा झाली हे सरकारला दिसते. पत्रात चार हजार आणि खात्यात अठ्ठावीसशे, असा कागद पुढे ठेवला तर कुटुंब राहो बाजूला, स्वतःची नोकरी धोक्यात येते. खरा उपाय सावकाशीचा आहे. करार नूतनीकरणाला येतो तेव्हा वरची श्रेणी मागावी, ओव्हरटाइमचा काही भाग कायम भत्त्यात घालून मागावा, किंवा कंपनीने कुटुंबासाठी राहण्याची सोय लेखी द्यावी अशी विनंती करावी. तीन हजारांच्या अटीत बसण्याचा हा शेवटचा मार्ग पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

घराचेही कागद लागतात. दुबईत भाडेकराराची 'एजारी' नोंदणी झालेली असावी लागते. आठजणांच्या खोलीत एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्याच्या नावावर असा करार नसतोच. म्हणजे पगार पुरेसा असूनही अर्ज अडतो.

देशोदेशीचे आकडे

सर्व आखात एकच समजून चालू नये. दुबईत राहणाऱ्या मावसभावाने सांगितलेला नियम कुवेतला लागू पडत नाही, आणि पाच वर्षांपूर्वीचा नियम आज राहिलेला असेलच असे नाही.

अमिरातीत पूर्वी पगाराबरोबर हुद्दाही पाहत. लेबर कार्डावर 'हेल्पर' लिहिले असेल तर पगार कितीही असो, कुटुंब आणणे कठीण होई. २०१९ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने हुद्द्याची अट काढून उत्पन्नाची ठेवली. ज्यांचे अर्ज त्याआधी हुद्द्यामुळे फेटाळले गेले आणि ज्यांनी नाद सोडून दिला, त्यांनी पुन्हा चौकशी करावी. पत्नी कमावती असेल, उदाहरणार्थ सांगली-मिरजेकडून गेलेली एखादी नर्स, तर अटी पूर्ण झाल्यास तीही पतीला आणि मुलांना आपल्या नावावर आणू शकते. ऑक्टोबर २०२२ च्या सुधारणेनंतर अविवाहित मुलगा पंचवीस वर्षांपर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहू शकतो. पूर्वी अठरा उलटले की घरात काळजी सुरू होई. अविवाहित मुलीला वयाची अट नाही.

कुवेतने उलट दिशा धरली. तेथे २०१६ मध्ये पगाराची अट २५० दिनारांवरून ४५० झाली, २०१९ मध्ये ५०० झाली. नंतर बराच काळ कुटुंबाचे व्हिसा बंद होते. जानेवारी २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा अट ८०० दिनारांवर गेली होती. काही व्यवसायांना सवलत आहे. मात्र साध्या कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर आठ वर्षांत अट तिपटीहून जास्त वाढली. कुवेतला निघालेल्या तरुणाने आणि त्याला मुलगी देणाऱ्या घराने हा आकडा निकाहाआधी समजून घ्यावा, नंतर नव्हे.

कतारमध्ये खाजगी नोकरीतल्या माणसाला १०,००० रियाल, किंवा कंपनीने कुटुंबाचे घर दिले असेल तर ६,००० रियाल पगार लागतो, आणि काम तांत्रिक किंवा विशेष स्वरूपाचे असावे लागते. ओमान त्यामानाने सौम्य आहे. २०१७ मध्ये तेथील अट ६०० रियालांवरून ३०० वर आली, आणि २०२३ मध्ये १५० रियालांपर्यंत कुटुंब आणता येईल असे तेथील रॉयल ओमान पोलिसांनी सांगितले. मस्कत, सलाला, सोहार येथे असलेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांना हा बदल माहीतच नाही, असे बोलण्यात येते.

सौदी अरेबियाची गोष्ट निराळी. तेथे इकाम्यावरचा हुद्दा पाहतातच, पण खरा भार पुढे आहे. जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल कर सुरू झाला. दरवर्षी शंभरने वाढत तो जुलै २०२० मध्ये ४०० रियालांवर आला. पत्नी आणि दोन मुले म्हणजे महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल, तेही इकामा नव्याने करताना आधी भरायचे. हा कर सुरू झाल्यावर कितीतरी कुटुंबे मुले-बाळे घेऊन परत आली आणि पुरुष पुन्हा एकटे कॅम्पात गेले. अर्ज मंजूर होणे आणि संसार परवडणे यांत किती अंतर असते, ते सौदीच्या उदाहरणावरून समजते.

तेच अमिरातीलाही लागू आहे. ४,००० दिरहम ही कायद्याची किमान रेषा आहे, संसाराची नव्हे. भाडे, शाळेची फी, कुटुंबाचा आरोग्य विमा आणि वर्षाआड सर्वांची विमानाची तिकिटे, हा हिशेब एका कागदावर मांडून मगच निर्णय घ्यावा. किमान पगारावर कुटुंब नेणाऱ्यांपैकी काहींना फलटणला अब्बा-अम्मींना पाठवायचे पैसे थांबवावे लागतात. हे आधी घरात बोलून ठरलेले बरे.

एक वाईट सवय येथे सांगितली पाहिजे. कायम व्हिसा मिळत नाही म्हणून कुटुंबाला भेटीच्या व्हिसावर न्यायचे आणि मुदत संपल्यावरही ठेवून घ्यायचे. अमिरातीत मुदतीबाहेर राहण्याचा दंड दिवसाला ५० दिरहम आहे. एका माणसाचे महिन्याला १,५०० झाले. पत्नी आणि एक मूल तीन महिने जास्त राहिले तर नऊ हजार दिरहम, म्हणजे वर सांगितलेल्या फिटरच्या तीन महिन्यांच्या करारी पगारापेक्षा जास्त रक्कम विमानतळावर मोजावी लागते.

निकाहनामा पुरत नाही

पगाराचा पुरावा झाला की नात्याचा पुरावा येतो, आणि आपल्या समाजातील अर्ज येथेच जास्त अडतात. काझीसाहेबांच्या वहीतला उर्दू निकाहनामा आपल्याला पुरेसा वाटतो. परदेशी कचेरीला सरकारी नोंदणीचा दाखला लागतो. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद होते. फलटणमध्ये नगरपरिषदेत, गावात ग्रामपंचायतीत ती करता येते. निकाह होताच ही नोंद करावी. वर परदेशी निघून गेल्यावर, साक्षीदार पांगल्यावर, किंवा निकाह लावणारे काझीसाहेब हयात नसताना हीच नोंद करायला गेले की हेलपाटे सुरू होतात. दाखला घेताना इंग्रजी मजकूर आहे ना, ते पाहून घ्यावे.

नावांचा गोंधळ हे दुसरे दुखणे. पासपोर्टवर नुसते एक नाव, आडनाव कोरे, अशी उदाहरणे आपल्याकडे पुष्कळ. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने भेटीच्या व्हिसावर अशा एकनावी पासपोर्टधारकांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर ते धरले जाते. शाळेच्या दाखल्यावर मुलाणी, आधारवर मुल्ला, निकाहाच्या दाखल्यावर शेख, असे तीन ठिकाणी तीन प्रकार असतील तर आधी ते सरळ करून घ्यावेत. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतात. पत्नीच्या पासपोर्टवर पतीचे नाव घालणे सक्तीचे नाही, पण घातले तर निकाहाच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे.

दाखला हातात आला की तो प्रमाणित करावा लागतो. आधी राज्य शासनाचा ठरलेला अधिकारी, मग केंद्राचे परराष्ट्र खाते. परराष्ट्र खाते कागद थेट घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेते, आणि हे काम मुंबईतही होते. येथून पुढे वाट दुभंगते. भारत २००५ पासून ज्या हेग करारात आहे त्या करारात ओमान २०१२ मध्ये, बहरीन २०१३ मध्ये आणि सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आले. या तीन देशांसाठी परराष्ट्र खात्याचा 'अपोस्टील' शिक्का पुरतो. अमिराती, कुवेत आणि कतार त्या करारात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी त्या त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही घ्यावा लागतो, आणि तेथे पोचल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाचा. सौदीचे काम असताना वकिलातीच्या शिक्क्याचे जुने पैसे मागणारे दलाल अजूनही भेटतात. त्यांना डिसेंबर २०२२ ची आठवण करून द्यावी.

मुलाचा जन्मदाखलाही असाच करून घ्यावा लागतो. त्यावर मुलाचे नाव नाही, नुसते 'मुलगा' असे लिहिले आहे, असे दाखले निघतात. नाव घालून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घरच्या उत्पन्नाचा पुरावा

आखातात कमावता माणूस तेथे असतो. युरोपात शिकायला निघालेल्या मुलाच्या बाबतीत पुरावा आपल्या घरातून द्यायचा असतो. जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. इंग्लंडमध्ये तेथे स्थायिक असलेल्या माणसाला पत्नीला किंवा पतीला न्यायचे तर वार्षिक उत्पन्नाची अट २०१२ मध्ये १८,६०० पौंड होती, ती ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंड झाली. तेथे नोकरदाराने सहा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि तितक्याच महिन्यांचे बँकेचे उतारे द्यायचे आणि प्रत्येक चिठ्ठीची रक्कम उताऱ्यात सापडली पाहिजे. नुसत्या बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात हवेत.

या सहा महिन्यांच्या अटीतच सर्व मर्म आहे. आपल्याकडे अर्जाच्या आधी पंधरा दिवस भावाकडून, मेव्हण्याकडून, सोसायटीतून रकमा गोळा करून खाते फुगवतात. उताऱ्यावर वर्षभर आठ-दहा हजारांची शिल्लक आणि शेवटी एकदम पंधरा लाख जमा. अधिकाऱ्याला यातून जे कळायचे ते कळते. उसना पैसा हा पुरावा नव्हे. तो पैसा कोठून आला, हे लिहून देता आले पाहिजे.

व्यापारी घरांची अडचण आणखी वेगळी. बागवान, आतार, तांबोळी, मणियार यांचा पुष्कळ धंदा रोखीचा. फळबाजारात वर्षाला लाखोंची उलाढाल करणाऱ्याचे आयकर विवरणपत्र मात्र नसते, किंवा असते ते इतके तुटपुंजे की त्यावर मुलाची एका महिन्याची फीही निघणार नाही. बहुतेक वकिलाती मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे पाहतात. मुलाला परदेशी पाठवायचे मनात असेल तर ती तयारी बारावीनंतर नव्हे, नववी-दहावीपासून करावी लागते. वर्षाकाठी थोडा कर गेला तरी चालेल, धंदा कागदावर आला पाहिजे.

शेतकऱ्याचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्राचा प्रश्न येत नाही, पण पुरावा मात्र आहे. साखर कारखान्याचे ऊसबिल बँकेत जमा होते. फलटण भागात हा सर्वांत साधा आणि भक्कम पुरावा ठरतो. डाळिंबाच्या, द्राक्षांच्या व्यापाऱ्याकडून येणारी पट्टी जपून ठेवावी आणि रक्कम रोखीने न घेता खात्यात घ्यावी. सातबारा जोडावा, पण सातबारा म्हणजे उत्पन्न नव्हे. त्यावरून जमीन दिसते, पैसा नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. शिष्यवृत्तीसाठी किंवा फी-सवलतीसाठी तहसील कचेरीतून कमी उत्पन्नाचा दाखला काढायचा, आणि त्याच वर्षी व्हिसासाठी सीएकडून दहा लाखांचे प्रमाणपत्र घ्यायचे. दोन्ही कागद एकाच फायलीत सापडले तर काय होईल, याचा विचार दाखला काढतानाच करावा. खोटा कागद दिला म्हणून नकार आला की तो नकार पुढच्या अर्जांतही विचारला जातो. कित्येक देशांच्या अर्जात 'यापूर्वी कोठे व्हिसा नाकारला गेला आहे काय' असा रकानाच असतो.

हुंडीने पाठवलेला पैसा

आखातातून हुंडीने पैसे पाठवण्याची सवय अजून गेलेली नाही. दोन रुपये भाव जास्त मिळतो आणि माणूस घरपोच आणून देतो. परकीय चलन कायद्याने ही गोष्ट बेकायदा आहे, तो भाग वेगळाच. येथे पाहायचे ते पुराव्याच्या दृष्टीने. पंधरा वर्षे राबून पाठवलेल्या रकमेची एक ओळही कोठे राहत नाही. घर बांधायला कर्ज काढायचे, मुलीला शिकायला पाठवायचे, परत येऊन धंदा सुरू करायचा, तर बँक विचारते, इतकी वर्षे काय कमावले? सांगायला पुष्कळ असते, दाखवायला काही नसते. अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते बदलून एनआरई खाते उघडावे आणि पगारातील रक्कम त्यात पाठवावी. त्यावरील व्याजाला भारतात आयकर लागत नाही, आणि उतारा हाच आयुष्यभराच्या कमाईचा दाखला होतो.

भरतीच्या वेळीच एजंट नोंदणीकृत आहे काय, हे सरकारच्या ई-मायग्रेट यादीत पाहावे. त्याने कामगाराकडून घ्यायचे शुल्क कायद्याने ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी इतकेच आहे. दीड-दोन लाख घेऊन 'आझाद व्हिसा' देणारा माणूस कागदावर एका मालकाकडे नोकरी दाखवतो आणि प्रत्यक्षात दुसरीकडे काम करायला सोडतो. अशा माणसाच्या नावे खऱ्या पगाराचा पुरावा कधीच तयार होत नाही. मग कमाई चांगली असली तरी त्याचे कुटुंब फलटणलाच राहते.

दहावी उत्तीर्ण असलेल्याच्या पासपोर्टवर परदेशगमन परवानगीची अट येत नाही. दहावी नसेल तर आखातासाठी ती परवानगी मुंबईच्या प्रोटेक्टर कार्यालयाकडून घ्यावी लागते, आणि त्यासाठी सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा करार कमी असू नये, असा नियम आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ही वेतने खाली आणली होती, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर्ववत केली. त्या काळात कमी आकड्यावर गेलेल्यांनी आपला करार अजूनही जुन्याच पगारावर चालू आहे काय, ते नूतनीकरणाच्या आधी तपासावे.

कुटुंब नेल्यानंतरही एक तारीख लक्षात ठेवायची आहे. अमिरातीत आणि कुवेतमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास वास्तव्याचा परवाना सामान्यतः रद्द होतो. बाळंतपणासाठी माहेरी आलेली सून, सासूच्या आजारपणात थांबलेली पत्नी, मुलाची परीक्षा होईपर्यंत राहिलेले कुटुंब, अशांच्या बाबतीत हे नेहमी घडते. परतीचे तिकीट काढताना शेवटच्या बाहेर पडण्याच्या शिक्क्यापासून दिवस मोजावेत आणि सहावा महिना भरण्याच्या आत तेथे उतरावे.